पार्श्वभूमी : ट्रिप्टोफॅन जातं कुठे?

झोप लागत नसेल तर गरम दूध प्या, उदास वाटत असेल तर केळं खा. त्यात ट्रिप्टोफॅन असतं, त्याचं सेरोटोनिन होतं आणि मूड सुधारतो. हा मजकूर फॉरवर्ड होत होत आपल्यापर्यंत पोचला नाही असा माणूस आता सापडणं कठीण. यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खोटं नाही. दुधात ट्रिप्टोफॅन, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक, असतं. पेशींमध्ये निरोप नेणारं सेरोटोनिन त्याच्यापासूनच बनतं. केळ्यात तर सेरोटोनिन आयतंच असतं, फक्त ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. घोळ आहे तो हिशेबात. आहारातून आलेल्या ट्रिप्टोफॅनपैकी जेमतेम १ ते २ टक्के सेरोटोनिनच्या कामी लागतं, आणि त्यातलंही बहुतेक आतड्यात. शरीराची प्रथिनं बांधून झाल्यावर जे ट्रिप्टोफॅन मोडलं जातं, त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक काइन्युरेनिन या पदार्थाच्या वाटेने निघून जातं. शिवाय थोडा हिस्सा मोठ्या आतड्यातले जिवाणू परस्पर उचलतात आणि त्याचे इंडोल गटातले पदार्थ करतात.

म्हणजे वाटा तीन. कर्करोग, क्षय, नैराश्य, मूत्रपिंडाचे आजार यांविषयीच्या संशोधनात ट्रिप्टोफॅनचं नाव येतं तेव्हा बहुतेक वेळा विषय सेरोटोनिनचा नसतो, बाकीच्या दोन वाटांचा असतो. हे तिन्ही शोध वेगवेगळ्या काळात लागले, आणि लावणाऱ्यांना एकमेकांच्या कामाचा पत्ता बऱ्याचदा नव्हता. त्यामुळे या विषयाचा इतिहास सरळ रेषेत सांगता येत नाही. तसा सांगितला तर तो खोटा होईल.

काचेच्या नळीतलं जांभळं कडं

बी.एस्सी. किंवा वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रथिनांची प्रात्यक्षिकं केलेल्यांना हॉपकिन्स-कोल चाचणी आठवत असेल. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं द्रावण, त्यात ग्लायॉक्सिलिक आम्ल, मग नळी तिरकी धरून कडेने हळूच सोडलेलं संहत सल्फ्युरिक आम्ल. दोन थर जिथे भेटतात तिथे जांभळं कडं उमटतं. जिलेटिन घेतलं तर उमटत नाही, कारण जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं.

या चाचणीचा जन्मही प्रात्यक्षिकाच्या वर्गातच झाला. १८७४ मध्ये आल्बर्ट अ‍ॅडमकीविच यांनी अशीच एक रंगक्रिया सांगितली होती, त्यात ॲसेटिक आम्ल वापरत. केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना ती शिकवताना काही बाटल्यांतल्या आम्लाने रंग येईना. शिकवणारे होते फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. दुसरा कोणी असता तर बाटली बदलून पुढे गेला असता. हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी सिडनी कोल यांनी कारण शोधलं, तेव्हा कळलं की रंग ॲसेटिक आम्लामुळे येतच नाही. त्यात भेसळ म्हणून असलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लामुळे तो येतो, आणि आम्ल जितकं शुद्ध तितकी चाचणी निकामी. मग प्रश्न उरला, हे आम्ल प्रथिनातल्या नेमक्या कशाशी रंग धरतं? दुधातल्या केसीनचं स्वादुपिंडाच्या रसाने पचन करून त्यांनी तो घटक वेगळा काढला. साल १९०१. ट्रिप्टोफॅन हे नाव मात्र आधीपासून, १८९० पासून चालत आलेलं होतं. पदार्थ हाती लागण्याआधीच त्याचं बारसं झालेलं.

पाच वर्षांनी हॉपकिन्स यांनी एडिथ विलकॉक यांच्याबरोबर उंदरांना मक्यातलं झीन हे एकच प्रथिन खाऊ घातलं. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतंच. उंदीर लवकर मेले. त्याच अन्नात ट्रिप्टोफॅन मिसळलं तेव्हा ते वाढले नाहीत, पण जास्त दिवस जगले. आहारात नुसतं ‘प्रथिन’ असून भागत नाही, त्यातला एखादा विशिष्ट घटक नसला तर जीव जातो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा हा पहिल्या प्रयोगांपैकी एक. मका आणि ट्रिप्टोफॅन यांची गाठ इथे पडली. ती सोडवायला पुढे जवळपास चाळीस वर्षं गेली, आणि त्या चाळीस वर्षांत माणसं मरत राहिली.

कुत्र्याची लघवी, माशीचे डोळे

ती माणसं मारणाऱ्या पेलाग्रा या रोगाकडे जाण्याआधी थोडं मागे जावं लागतं. १८५३ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या लघवीत एक आम्ल शोधलं, तेच काइन्युरेनिक आम्ल. ते कुठून येतं आणि करतं काय, कोणालाच सांगता येईना. पन्नास वर्षांनी, १९०४ मध्ये, आलेक्झांडर एलिंगर यांनी कुत्र्यांना ट्रिप्टोफॅन दिलं की हे आम्ल वाढतं असं दाखवलं. मधला दुवा जपानमध्ये मिळाला. याशिरो कोटाके यांच्या प्रयोगशाळेने १९२० आणि १९३० च्या दशकांत काइन्युरेनिन शोधून त्याची साखळी जुळवायला घेतली.

तिकडे आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना फळमाशीच्या डोळ्यांचं कोडं पडलं होतं. काही माश्यांच्या डोळ्यांत तपकिरी रंगद्रव्य तयार होत नाही आणि ते भडक लाल दिसतात. जॉर्ज बीडल आणि बोरिस एफ्रुसी यांनी अशा माश्यांच्या अळ्यांमधला डोळ्याचा अंकुर काढून निरोगी अळीत बसवला, तेव्हा त्याला नेहमीचा रंग आला. म्हणजे काहीतरी पदार्थ यजमान अळीच्या शरीरातून त्याला मिळत होता. बीडल आणि एडवर्ड टेटम हा पदार्थ शोधण्याच्या मागे लागले. पण १९४० मध्ये आडोल्फ ब्यूटेनांट यांच्या जर्मन गटाने बाजी मारली. तो पदार्थ काइन्युरेनिन होता. हुकलेल्या बीडल-टेटम जोडीने माशी सोडून बुरशी धरली आणि एक जनुक, एक एन्झाइम हे तत्त्व मांडून १९५८ चं नोबेल मिळवलं. स्पर्धेत हरणं कधीकधी असंही फळतं.

लघवीकडे मात्र कोणी हसून पाहू नये. १९४३ मध्ये सॅम्युएल लेपकोव्हस्की यांनी जीवनसत्त्व ब-६ पासून वंचित ठेवलेल्या उंदरांच्या लघवीत एक पदार्थ पाहिला. लोहाच्या क्षारांशी तो हिरवागार रंग देई. तो निघाला झँथुरेनिक आम्ल. काइन्युरेनिनच्या वाटेवरच्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला ब-६ लागतं, ते नसलं की माल पुढे न जाता या फाट्याला वळतो. पुढे अनेक वर्षं माणसातली ब-६ ची कमतरता ओळखायला ट्रिप्टोफॅनचा डोस देऊन लघवी तपासत.

पेलाग्रा : सगळ्यात महागात पडलेलं कोडं

स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ च्या सुमारास गरीब शेतकऱ्यांमधला एक रोग नोंदवला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लालसर, मग काळपट, खरखरीत चट्टे. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा, त्याला आजही कासालचा हार म्हणतात. त्यामागून जुलाब, मग बुद्धिभ्रम, शेवटी मृत्यू. अमेरिकेतून आलेला मका जिथे गरिबांचं मुख्य अन्न झाला तिथे तिथे हा रोग गेला. स्पेन, उत्तर इटली, रुमानिया, इजिप्त. मेक्सिकोत, मक्याच्या मूळ देशात, तो फारसा नव्हता. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे दाण्यात बांधलेलं नियासिन हे ब गटातलं जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुन्याची रीत तिथेच राहिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्राची साथच आली. चार दशकांत सुमारे ३० लाख रुग्ण आणि १ लाख मृत्यू हा नेहमी दिला जाणारा अंदाज. साथ आहे म्हणजे जंतू असणार, असं बहुतेकांचं मत. १९१४ मध्ये सरकारी आरोग्य सेवेने जोसेफ गोल्डबर्गर यांना पाठवलं. वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथालयांत फिरताना त्यांना एक गोष्ट खटकली. रुग्ण आजारी पडतात, पण त्यांच्यात वावरणारे कर्मचारी कधीच पडत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या ताटात दूध, मांस, अंडी असत. रुग्णांच्या ताटात मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी.

१९१५ मध्ये मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंग-शेतावर शिक्षामाफीच्या आश्वासनावर कैद्यांनी हाच निकृष्ट आहार घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्या ११ जणांपैकी ६ जणांना पेलाग्राची लक्षणं दिसली. (आजच्या कोणत्याही नीतिमत्ता समितीने हा प्रयोग पहिल्याच बैठकीत फेटाळला असता, आणि ते योग्यच ठरलं असतं.) तरीही जंतूवाले ऐकेनात. तेव्हा गोल्डबर्गर यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग केले. रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या कातडीच्या खपल्या आणि मलमूत्र पिठाच्या गोळ्यांत घालून गिळलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रक्ताचं इंजेक्शन घेतलं. पेलाग्रा कोणालाच झाला नाही.

आता आपल्या विषयाशी थेट जोडलेला भाग. १९२२ मध्ये गोल्डबर्गर आणि डब्ल्यू. एफ. टॅनर यांनी पेलाग्राचं मूळ बहुधा एखाद्या अमिनो आम्लाच्या कमतरतेत आहे असं छापलं, आणि ट्रिप्टोफॅनचा वापर करूनही पाहिला होता. उत्तर हातात आलं होतं. पण पुढे यीस्टने रुग्ण बरे होतात असं दिसलं, यीस्टमध्ये एखादं जीवनसत्त्व असणार म्हणून शोध तिकडे वळला, आणि १९२९ मध्ये गोल्डबर्गर वारले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनराड एल्वेहम यांनी कुत्र्यांमधला असाच रोग निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नियासिनने, बरा करून दाखवला. माणसांनाही गुण आला. झालं, प्रश्न सुटला असं वाटलं.

एक गोष्ट तरीही जुळेना. दूध आणि अंडी यांच्यात नियासिन अगदी कमी असतं. मग दूध पिऊन पेलाग्रा बरा का होतो? १९४५ मध्ये एल्वेहम यांच्याच प्रयोगशाळेतल्या क्रेल, टेप्ली आणि सरमा यांनी मक्याच्या आहाराने खुंटलेल्या उंदरांना नियासिनऐवजी ट्रिप्टोफॅन दिलं आणि ते वाढू लागले. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नियासिनचं काम भागवतं, आणि तेही काइन्युरेनिनच्या वाटेनेच. माणसात साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम नियासिन असा भाव पुढे ठरला. हॉपकिन्स आणि एल्वेहम दोघेही बरोबर होते, आणि १९२२ चे गोल्डबर्गरही.

हैदराबाद आणि ज्वारी

पेलाग्रा म्हणजे मका, हे समीकरण पाठ्यपुस्तकांत पक्कं झालं असताना हैदराबादच्या डॉक्टरांना तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसत होता. राष्ट्रीय पोषण संस्थेची मूळ प्रयोगशाळा १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आली. तिचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक कल्पना मांडली. ज्वारीतलं नियासिन मक्यासारखं बांधलेलं नाही, ट्रिप्टोफॅनही मक्याइतकं कमी नाही. पण मका आणि ज्वारी दोघांतही ल्युसीन हे अमिनो आम्ल फार असतं, आणि हे जादा ल्युसीन ट्रिप्टोफॅनचं नियासिनात रूपांतर होण्यात आडवं येत असावं. पुढे परदेशातल्या काही प्रयोगशाळांना ल्युसीनचा हा परिणाम तितका ठळक दिसला नाही आणि वाद राहिला. ब-६ चाही यात हात असावा असं हैदराबादच्याच पुढच्या कामातून दिसलं. मला यातलं ल्युसीन खरं की खोटं याहून त्यामागचा विचार मोलाचा वाटतो. अन्नात काय आहे एवढंच पाहून भागत नाही, ते शरीरात कोणत्या फाट्यावर अडतं तेही पाहावं लागतं.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि ज्वारीची भाकरी तिथलं आणि सोलापूरकडचं रोजचं अन्न आहे. म्हणून भाकरीला दोष देऊ नये. पेलाग्रा व्हायचा तो भाकरीबरोबर काहीच नसणाऱ्या, मजुरीवर जगणाऱ्या माणसांना. वाटीभर वरण किंवा पिठलं आलं की ट्रिप्टोफॅन आलं, आणि शेंगदाण्याच्या चटणीतून तर नियासिन थेटच मिळतं. शेंगदाणा त्यात समृद्ध आहे.

आपल्याकडे ही वाट आजही एका ठिकाणी रोज भेटते. क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड असतं आणि ते ब-६ ला अडकवून ठेवतं. हातापायांना मुंग्या येणं हा त्याचा ओळखीचा त्रास. पण ब-६ कमी पडलं की ट्रिप्टोफॅनचं नियासिन होणंही मंदावतं, आणि आधीच कुपोषित असलेल्या रुग्णाला कधीकधी पेलाग्रा होतो. क्षयाच्या गोळ्यांबरोबर पायरिडॉक्सिनची, म्हणजे ब-६ ची, छोटी गोळी देतात ती ‘ताकदीची’ म्हणून टाळणाऱ्यांना हे सांगायला हवं.

उलट्या बाजूनेही हाच हिशेब दिसतो. आतड्यातल्या कार्सिनॉइड नावाच्या गाठी प्रचंड सेरोटोनिन बनवतात. पाटाच्या सुरुवातीलाच कोणी मोटारी लावून पाणी उपसलं तर टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडं राहतं, तसं या रुग्णांचं होतं. ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनमध्येच संपतं आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाला पेलाग्रा होतो.

सेरोटोनिनची कीर्ती, आणि त्यात मुंबईचा वाटा

सेरोटोनिन आधी मिळालं ते आतड्यात. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात पोट आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधून स्नायू आकुंचित करणारा पदार्थ काढला आणि त्याला एंटेरामीन म्हटलं. अमेरिकेत क्लीव्हलँडला मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हाइन पेज रक्तदाबाचा अभ्यास करत होते. रक्त गोठताना त्यातून रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी सुटतं आणि प्रयोग बिघडवतं, ही त्यांची कटकट. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या रक्तातून त्यांनी ते १९४८ मध्ये वेगळं केलं आणि सेरोटोनिन नाव दिलं. दोन्ही एकच, हे १९५२ मध्ये कळलं. १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग यांना ते मेंदूत सापडलं. त्या आधी समुद्री शिंपल्यांच्या स्नायूंवर काम करत होत्या, आणि मेंदूत हे असेल यावर पेज यांचा सुरुवातीला विश्वास नव्हता.

मेंदूतल्या सेरोटोनिनला महत्त्व मिळालं ते सर्पगंधेमुळे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग प्रसिद्ध केला. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच या वनस्पतीविषयी लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखाने. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीत मुळीतलं रेसर्पीन वेगळं झालं, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. मधे, १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांनी दाखवलं की रेसर्पीन दिलं की प्राण्यांच्या शरीरातल्या सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. रेसर्पीन घेणारे काही रुग्ण उदास होतात हेही तेव्हा नोंदलं जात होतं. दोन आणि दोन चार झाले. रेसर्पीन नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिनचाही साठा तितकाच रिकामा करतं, ही अडचण मागे पडली.

१९६९ मध्ये लेनिनग्राडच्या लापिन आणि ओक्सेनक्रुग यांनी वेगळा विचार मांडला. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल यकृतातलं ट्रिप्टोफॅन मोडणारं एन्झाइम वाढवतं, माल काइन्युरेनिनकडे वळतो, मेंदूला कमी पडतो. बरोबर असो वा अर्धवट, दोन वाटा एकत्र धरून नैराश्याकडे पाहणारा हा पहिला महत्त्वाचा लेख. पण बाजाराला ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ हे सुटसुटीत वाक्य सोयीचं होतं. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि ते वाक्य घराघरांत गेलं. २०२२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात नैराश्याच्या रुग्णांत सेरोटोनिन सातत्याने कमी असतं याला आधार मिळाला नाही. औषधाचा गुण येतो की नाही हा निराळा प्रश्न आहे. त्या बातमीवरून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणं धोक्याचंच.

ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांचा एक काळा अध्यायही आहे. झोपेसाठी त्या अमेरिकेत सहज विकत मिळत. १९८९ च्या शेवटी असह्य स्नायुदुखी आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ असे रुग्ण न्यू मेक्सिकोत दिसू लागले. देशभर १,५०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ३७ दगावल्याची नोंद झाली. माग काढता काढता तो एकाच जपानी उत्पादकाच्या मालापर्यंत गेला. मालात सूक्ष्म अशुद्धी सापडल्या, त्यांतली नेमकी कोणती दोषी यावर पूर्ण एकमत झालं नाही. पुढे अनेक वर्षं विक्रीवर बंधनं राहिली.

मेलाटोनिन हा सेरोटोनिनचाच पुढचा पदार्थ. १९५८ मध्ये येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथींमधून तो काढला. त्यांना कोडावर औषध हवं होतं, हाती लागलं रात्रीचं संप्रेरक.

जंतूंना उपाशी ठेवण्याची युक्ती

काइन्युरेनिनच्या वाटेचं दार यकृतात एक एन्झाइम उघडतं. क्योटोत ओसामु हायाइशी यांच्या गटाला १९६७ मध्ये सशाच्या आतड्यात तेच काम करणारं दुसरंच एन्झाइम सापडलं, आयडीओ. यकृताबाहेर याचं काय काम? १९७८ मध्ये दिसलं की जिवाणूंचं विष टोचलेल्या उंदरांच्या फुप्फुसात ते कैक पटींनी वाढतं. विषाणूच्या संसर्गातही तेच. १९८४ मध्ये एल्मर फेफरकॉर्न यांनी कोडं उलगडलं. गॅमा इंटरफेरॉन (संसर्गात प्रतिकारशक्तीला इशारा देणारं प्रथिन) दिलेल्या मानवी पेशींत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी वाढत नव्हता. पेशींना वरून ट्रिप्टोफॅन दिलं की पुन्हा वाढू लागे. पेशी स्वतःजवळचं ट्रिप्टोफॅन जाळून परजीवीची उपासमार करत होती.

क्षयाच्या जंतूपुढे ही युक्ती चालत नाही, कारण तो स्वतःचं ट्रिप्टोफॅन स्वतः बनवतो. २०१३ मध्ये दाखवलं गेलं की त्याची ही क्षमता काढून घेतली तर प्रतिकारशक्ती त्याला मारू शकते.

मग १९९८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांचा शोधनिबंध आला आणि सगळं उलटसुलट झालं. गर्भात निम्मी जनुकं बापाची, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीला परकी. तरी गर्भ टिकतो कसा? त्यांनी गाभण उंदरिणींना आयडीओ रोखणारं औषध दिलं. परक्या बापाचे गर्भ गेले, आईशी जनुकं जुळणारे राहिले. वारेच्या पेशी ट्रिप्टोफॅन मोडून आईच्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना शांत ठेवत होत्या. कर्करोगाच्या गाठीही हीच चाल खेळतात, हे लवकरच दिसलं. २०११ मध्ये मेंदूतल्या गाठींचं यकृतवालं एन्झाइम वापरून काइन्युरेनिन बनवणं आणि त्यातून प्रतिकारशक्ती दबणं हेही समोर आलं. औषध कंपन्यांनी आयडीओ रोखणाऱ्या रेणूंवर मोठा पैसा लावला. २०१८ मध्ये एपॅकॅडोस्टॅट या औषधाची मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांवरची चाचणी फसली. नेहमीच्या इम्युनोथेरपीत, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणाऱ्या उपचारात, त्याने काहीही भर घातली नाही. एक दार बंद केलं तर गाठ दुसऱ्या दाराने तोच माल काढते, हे एक स्पष्टीकरण. माझ्या मते घाईही नडली.

मेंदूत परतलेलं लीबिगचं आम्ल

लापिन यांनीच १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत क्विनोलिनिक आम्ल टोचून आकडी आणली. नियासिनच्या वाटेवरचाच हा पदार्थ. १९८१ मध्ये ट्रेव्हर स्टोन आणि पर्किन्स यांना तो चेतापेशींवरच्या ग्लुटामेट या संदेशवाहकाच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवताना दिसला. पुढच्याच वर्षी त्यांना कळलं की तोच ग्राहक अडवणाराही एक पदार्थ आहे. तो म्हणजे काइन्युरेनिक आम्ल. कुत्र्याच्या लघवीत सापडून १२९ वर्षं बेकार बसलेल्या रेणूला अखेर काम मिळालं. १९८३ मध्ये रॉबर्ट श्वार्झ यांनी क्विनोलिनिक आम्लाने उंदरांच्या मेंदूत हंटिंग्टन या मेंदूच्या आजारासारखी हानी घडवली, आणि पुढच्या दशकात एचआयव्हीमुळे बुद्धी ढासळलेल्या रुग्णांच्या मणक्यातल्या द्रवात ते वाढलेलं आढळलं. २०१४ मध्ये स्टॉकहोमच्या गटाने उंदरांत दाखवलं की व्यायामाने तयार झालेला स्नायू रक्तातलं काइन्युरेनिन मेंदूत न जाऊ शकणाऱ्या काइन्युरेनिक आम्लात बदलतो. व्यायामाने मन हलकं होतं याला मिळालेलं हे एक रासायनिक कारण. उंदरांतलं, हे लक्षात ठेवून.

जिवाणूंचा हिस्सा

तिसरी वाट सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत रोज दिसते. ट्रिप्टोन पाण्यात ई. कोलाय वाढवून वर कोवॅक्स द्रावणाचे थेंब टाकले की लाल कडं येतं. तो इंडोल, म्हणजे जिवाणूने मोडलेलं ट्रिप्टोफॅन. आतड्यात तयार झालेलं इंडोल यकृतात जाऊन इंडॉक्सिल सल्फेट होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं निकामी झाली की ते रक्तात साचतं, बरंचसं प्रथिनांना चिकटून, म्हणून डायलिसिसनेही पुरतं निघत नाही. बरेच दिवस कॅथेटर असलेल्या वृद्ध रुग्णांची लघवीची पिशवी कधीकधी चक्क जांभळी होते आणि नातेवाईक हादरतात. ते याच पदार्थाचं पिशवीत झालेलं नीळ आणि तिचं लाल भावंड, त्यामागे बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता.

सगळे इंडोल वाईट नाहीत. इंडोल-प्रोपिओनिक आम्ल फक्त जिवाणूच बनवतात. २००९ मध्ये जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या रक्तात ते मुळीच सापडलं नाही. २०१७ मध्ये त्याचा आतड्याच्या अस्तराच्या मजबुतीशी असलेला संबंध दाखवला गेला.

आता काइन्युरेनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचं रक्तातलं गुणोत्तर शोधनिबंधांत सतत दिसतं, आणि ‘वेलनेस’ तपासण्यांच्या यादीतही त्याचं नाव डोकावतं. संशोधनात ते कामाचं आहे. एकट्या माणसाच्या निदानाला नाही: क्षयात ते वाढतं, गरोदरपणात वाढतं, अनेक कर्करोगांत वाढतं, वय वाढलं तरी वाढतं, आणि मूत्रपिंडं मंदावली तरीही वाढतं.